कोठारात साठलेला पाऊस

मी एक जुना नोंदसाठा आहे. हे वाचून तुम्ही पान उलटणार असाल, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. जुन्या छत्रीने किंवा म्हाताऱ्या खेचराने आपले आयुष्य सांगावे, ते शोभते. त्यांना निदान रूप असते. मी मानिसालेस शहरातल्या एका बांधकाम कचेरीत, जिन्याखालच्या लाकडी कपाटात, एका करड्या संगणकाच्या पोटात राहतो. कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून बाहेरचे बोलणे मला ऐकू येते आणि फटीतून थोडेफार दिसतेही. तेवढ्याच भांडवलावर मी बोलायला बसलो आहे. सांभाळून घ्या.

मित्रांनो, भिंत, घर किंवा पूल बांधण्याआधी कोणीतरी बसून अंदाज करतो. दगड किती, सिमेंट किती, माणसे किती आणि दिवस किती. त्या कागदाला अंदाजपत्रक म्हणतात. आमच्याकडे प्रत्येक जण आपले अंदाजपत्रक आपापल्या संगणकावर करतो आणि ते पुरे झाले की त्याची एक प्रत माझ्याकडे पाठवतो. मग कोणीही मला विचारावे, ‘मागच्या कामांत दगडी बांधकामाला किती दिवस धरले होते?’ मी सगळ्या प्रती चाळतो आणि एका पानावर उत्तर मांडून देतो. मी स्वतः काही मोजत नाही, काही ठरवत नाही. मी फक्त विसरत नाही. हा गुण आहे की दोष, हे मला अजून नीट कळलेले नाही.

मला घडवले नुबियाने. ती तेव्हा नुकतीच अंदाजपत्रके करू लागली होती आणि तिच्यासमोरच्या टेबलाशी दॉन हिल्दार्दो बसत. (आमच्याकडे मोठ्या पुरुषाला आदराने ‘दॉन’ म्हणतात आणि बाईला ‘दॉन्या’.) चाळीस वर्षे त्यांनी डोंगरातल्या भिंती आणि पायऱ्या अंदाजल्या होत्या. सगळे आकडे त्यांच्या डोक्यात होते, आणि डोक्यावर सदैव एक तपकिरी टोपी.

“पोरी, आकड्यांना कोठार कशाला?” ते म्हणाले. “माझं डोकं आहे की.”

“तुम्ही रिटायर झालात की डोकं इथे ठेवून जाणार का?”

“डोकं नाही, टोपी ठेवीन. तिच्यात जास्त माल आहे.”

त्या दिवसापासून माझे नाव कोठार पडले. नुबियाने कपाटावर कागदाची पट्टी चिकटवली, ‘सगळ्यांचे कोठार’, आणि तिच्याखाली तीन नियम लिहिले. टाकण्याचा हक्क सगळ्यांना. पाहण्याचा हक्क सगळ्यांना. पुसण्याचा हक्क फक्त नुबियाला. तिसरा नियम वाचून दॉन हिल्दार्दो हसले होते. “बघा, राणीसाहेब आल्या.”

दर शुक्रवारी दुपारी ती गुळाच्या गरम पाण्याचा कप घेऊन माझ्यासमोर बसे. एकच अंदाजपत्रक दोनदा आले असेल तर एक काढून टाकी. कोणी मूळ अंदाजपत्रक बदलले आणि माझ्याकडे जुनीच प्रत राहिली असेल, तर त्याला नावानिशी हाक मारून नवी मागून घेई. शेवटी माझी एक संपूर्ण नक्कल एका छोट्या डबीत भरून, पावाच्या पिशवीत घालून ती घरी नेई. इथे आग लागली तरी मी तिच्या स्वयंपाकघरात जिवंत राहावा, म्हणून. कोणी आपली इतकी काळजी घेतली, की माणसाला संकोच वाटतो. मलाही वाटे.

तिने माझ्यात आणखी एक रकाना ठेवला होता: ‘प्रत्यक्ष लागलेले दिवस’. काम संपल्यावर मूळ माणसाने तो भरावा अशी तिची इच्छा होती. पहिलेच काम दॉन हिल्दार्दोंचे होते, कॉफी वाळवायच्या अंगणाखालची दगडी भिंत. त्यांनी दर दहा घनमीटरला मजुरीचे वीस दिवस धरले होते. भिंत झाल्यावर ते स्वतः आले, एका बोटाने टकटक करत त्यांनी त्या रकान्यात ‘चोवीस’ भरले आणि शेरा लिहिला, ‘पाऊस.’ त्यानंतर तो रकाना कोणीच भरला नाही. झालेल्या कामाकडे मागे वळून पाहायला कोणाला सवड असते?

ती माझी कौतुकाची वर्षे होती. कचेरीच्या मालकीण इंजिनियर आम्पारोबाई पाहुण्यांना जिन्याखाली आणून कपाट दाखवत. “दुसऱ्या ऑफिसात माणूस सोडून गेला की आकडे जातात. आमच्याकडे राहतात!” पाहुणे मान डोलवत. त्यांना एक करडी पेटी आणि एक हिरवा दिवा दिसे.

मग नुबियाचे वडील अंथरुणाला खिळले आणि ती त्यांच्या सेवेसाठी पेरेइरा शहरात गेली. चार वर्षे गेली.

मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते तिच्यावर धूळ सगळ्यात आधी बसते. शुक्रवार येत आणि जात. माझ्यात एकच अंदाजपत्रक पाच-पाच वेळा येऊ लागले. एकाचे नाव ‘शेवटचे’, दुसऱ्याचे ‘खरेच शेवटचे’, तिसऱ्याचे ‘आता मात्र शेवटचे’. कोणीतरी हात बसावा म्हणून केलेला सराव टाकून दिला. दॉन हिल्दार्दोंनी आपल्या मेव्हण्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याचेही अंदाजपत्रक माझ्यातच ठेवले. मी कोणालाही नाही म्हणालो नाही. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुनाच दुबळेपणा.

मी जड झालो, उत्तराला वेळ लावू लागलो. जुने आकडे तळाला गेले. लोक फक्त यादीतला सगळ्यात वरचा, ताजा आकडा उचलत. दॉन हिल्दार्दो वैतागून जुनी अंदाजपत्रके पुसायला बसले, पण प्रत्येक वेळी पडद्यावर तेच वाक्य उमटे: ‘आपणास हा हक्क नाही.’

“मला हक्क नाही? तुझ्यातलं पहिलं काम माझं आहे रे, डब्या!” असे ओरडून ते कपाटाला लाथ मारत. हलकीच, पण मारत. मी गप्प राही. नियम नुबियाचा होता.

या वर्षी नुबियाचे वडील गेले आणि ती परत आली. आम्पारोबाईंनी तिला तिचे टेबल दिले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दॉन्या रोस्मिरा आल्या.

दॉन्या रोस्मिरा एल गुआमाल या डोंगरवस्तीतल्या शिक्षिका. शाळा ओढ्याच्या एका काठाला, घरे दुसऱ्या काठाला. मधे खोल घळ. मुले तारेवर टांगलेल्या लोखंडी पेटीत बसून, कप्पीने ओढत शाळेत येत. मागच्या महिन्यात पेटी मधेच अडकली आणि दोन बहिणी सव्वा तास घळीवर लटकत राहिल्या. त्या दिवसापासून निम्म्या आयांनी मुले शाळेत पाठवणे बंद केले होते. पालिकेने एका झुलत्या पुलासाठी रक्कम बाजूला ठेवली होती. पण गुरुवारी दुपारी चारपर्यंत त्या रकमेत बसणारी निविदा आली नाही, तर ती रक्कम चौकातल्या कारंज्याला जाणार होती. दोन कचेऱ्यांनी आधीच अंग काढून घेतले होते. उरलो आम्ही.

दॉन्या रोस्मिरांनी कच्च्या केळ्यांचा घड टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

“इंजिनियरबाई, मला आकडे नकोत. भरताय की नाही, तेवढं सांगा.”

“भरायचंय हो. पण बसत नाही,” आम्पारोबाई म्हणाल्या. “पालिकेकडे चार पैसे असतील, तर आम्हाला पाच लागतात.”

“हे पाच आले कुठून?”

आम्पारोबाईंनी जिन्याखाली बोट दाखवले. “आमच्या कोठारातून. इतक्या वर्षांचा अनुभव आहे त्यात.”

“मग तुमच्या कोठाराला उंदीर लागलेत,” दॉन्या रोस्मिरा म्हणाल्या.

दॉन हिल्दार्दोंनी टोपी सरळ केली. “बाई, चाळीस वर्षं हे काम करतोय मी.”

“आणि मी तीस वर्षं गणित शिकवतेय, दॉन हिल्दार्दो. मुलं चुकली की आधी पाटी पुसायला सांगते, मग बोलायला.”

मी कपाटात अंग चोरून बसलो होतो. मला बोलता आले असते तर म्हणालो असतो, बाई, उंदीर लागले की धान्य घटते, माझ्यात तर काहीतरी वाढले आहे. पण मित्रांनो, मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

नुबियाने खुर्ची मागे सारली. ती म्हणाली, “मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. कोठार झाडून बघते.”

“झाडून पूल स्वस्त होतो का?” दॉन हिल्दार्दो पुटपुटले.

“दॉन हिल्दार्दो, मेव्हण्याचं खुराडं कोठारात कोणी ठेवलं, ते मी अजून विचारलं नाही हं.”

ते कॉफी आणायला निघून गेले.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुबियाने मला झाडले. तिने घाईने काही फेकले नाही. ‘शेवटचे’ आणि ‘खरेच शेवटचे’ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, ज्याच्यावर काम झाले होते तेच ठेवले, बाकीची बाजूला काढली. खुराडेसुद्धा तिने बाजूला काढले आणि त्यावर मालकाचे नाव लिहिले. माझ्या अंगावरून कोणी ओले फडके फिरवावे तसे मला वाटले. हळूहळू तळ दिसू लागला. पहिली अंदाजपत्रके ज्या संगणकांवर झाली होती ते केव्हाच भंगारात गेले होते. जगात त्यांची प्रत आता एकट्या माझ्याकडे होती.

मग तिने मला इतक्या वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. सगळ्यात वरचा आकडा तिने मागितला नाही. ती म्हणाली, दगडी बांधकाम, दर दहा घनमीटरला दिवस, पहिल्या कामापासून आजच्या पुलापर्यंत, एका ओळीत.

मी उत्तर मांडले. वीस. चोवीस. एकोणतीस. पस्तीस. आणि पुलासाठी, बेचाळीस.

तिने पान छापले आणि आम्पारोबाई व दॉन हिल्दार्दो, दोघांनाही बोलावले. “दगड तेच, डोंगर तोच. मग दिवस दुपटीच्या वर कसे गेले? गवंडी आळशी झाले का?”

दॉन हिल्दार्दोंचा चेहरा लाल झाला. “माझ्या गवंड्यांना आळशी म्हणू नकोस, पोरी. माझ्या नावावर चोरी लावतेस का?”

“मी विचारतेय. हे चोवीस कोणाचे?”

“माझे. तुला माहीत आहे कसे ते. इथला पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. दहा दिवसांच्या कामाला दोन दिवस पावसाचे. भिंतीनं शिकवलं मला ते.”

“मग पावसाची ओळ वेगळी का नाही लिहिलीत?”

“कारण गिऱ्हाईक ती ओळ पहिली खोडतं! म्हणतं, पाऊस देव पाडतो, मी का भरू? म्हणून मी तो मजुरीतच मुरवला. पिठात मीठ घालतात तसा. कोण नाही करत?”

नुबियाने पानावर बोट ठेवले. तिचा आवाज खाली आला. “पुढचं एकोणतीस माझं आहे. मी तुमचे चोवीस घेतले... आणि त्यात पाऊस घातला. दहाला दोन. तुम्हीच शिकवला होतात नियम.”

दॉन हिल्दार्दोंनी पान हातात घेतले आणि डोळ्यांजवळ नेले.

“पस्तीस माझे,” ते सावकाश म्हणाले. “मी तुझे एकोणतीस घेतले. मला वाटलं, कोरडे आहेत. आणि बेचाळीससुद्धा माझेच. अरे देवा. पावसावर पाऊस, पावसावर पाऊस.”

“चार वेळा,” नुबिया म्हणाली.

आम्पारोबाई खोकल्या. “पाच,” त्या म्हणाल्या. “पाकीट बंद करताना मीही शेवटच्या बेरजेवर घालते. फार नाही. शिंतोडे.”

आधी दॉन हिल्दार्दो हसले, मग नुबिया, मग आम्पारोबाई, आणि तिघेही इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. वर्षभरात मानिसालेसवर पडत नाही एवढा पाऊस या तिघांनी एका पुलावर पाडला होता, आणि प्रत्येकाला वाटत होते की छत्री फक्त आपणच उघडली आहे. कोणाच्याही मनात पाप नव्हते. प्रत्येक जण सावध होता, एवढेच. आणि तो सगळा पाऊस माझ्यात साठत गेला होता. मी जाणत होतो का? आकडे जाणत होतो. त्यात काय मुरले आहे ते माझ्यावर कोणी लिहिलेच नव्हते. तरी मला शरम वाटली.

हसू ओसरले आणि दॉन हिल्दार्दो काळजीत पडले. “पण आता खरा आकडा कोणता? वीस धरले आणि माणसं घळीत अर्ध्यावर पूल टाकून परत आली, तर? त्या बाईंना काय तोंड दाखवू? माझ्या डोक्यावर माझा आता भरवसा नाही, पोरी.”

नुबियाने पडदा त्यांच्याकडे वळवला. माझ्या पहिल्या नोंदीचा तो शेवटचा रकाना उघडा होता. ‘प्रत्यक्ष लागलेले दिवस: चोवीस. पाऊस.’

“हे तुम्हीच भरलंत. एका बोटानं. मला आठवतंय.”

त्यांनी त्या ओळीवर बोट टेकवले. मग म्हणाले, “हेच मी चार वर्षं पुसायला बघत होतो ना?”

“हेच. आणि बाकीचंही.”

ते उठले, जिन्याखाली आले आणि त्यांनी टोपी काढली. मी घाबरलो, मला वाटले, पुन्हा लाथ. पण त्यांनी दाराच्या फटीतून आत पाहिले आणि हळू आवाजात म्हटले, “उपकार झाले, म्हाताऱ्या.”

मित्रांनो, त्या तीन शब्दांवर मी आणखी दहा वर्षे चालू शकतो.

गुरुवारी सकाळी त्यांनी अंदाजपत्रक नव्याने केले. खोदाई, दगड, दोरखंड, फळ्या, प्रत्येक बाबीतला जास्तीचा पाऊस काढला आणि उरलेला, खरा, एकदाचा पाऊस वेगळ्या ओळीत लिहिला: ‘पावसाचे दिवस’. बेरीज पालिकेच्या रकमेच्या आत बसली. फार आत नाही, पण बसली.

“ती ओळ खोडतील,” दॉन हिल्दार्दो म्हणाले. “चाळीस वर्षांचा अनुभव आहे. खोडली तर आपल्या अंगावर येईल.”

आम्पारोबाईंनी पेन खाली ठेवले. सही होत नव्हती. घड्याळात अडीच वाजले होते. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि दॉन्या रोस्मिरांना सगळे सांगितले, अगदी शिंतोड्यांसकट. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

“सही करा, इंजिनियरबाई! निविदा उघडायच्या वेळी मी पहिल्या बाकावर बसते. माझ्यासमोर पाऊस खोडून दाखवू दे कोणालातरी!”

सही झाली. सव्वातीनला पाकीट पालिकेत पोहोचले.

निविदा उघडली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने त्या ओळीवर खरोखरच पेन टेकवले, असे नुबिया सांगते. पहिल्या बाकावरून दॉन्या रोस्मिरा उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, तुम्ही माझ्या तिसरीच्या वर्गात होतात. तेव्हाही पाऊस पडला की शाळेत येत नव्हतात. ती ओळ राहू द्या.” ओळ राहिली.

पूल झाला. मी तो पाहिलेला नाही. माझ्यात तो चारशे ओळींचा आहे. त्यात वारा नाही, खाली पाणी नाही. पण परवा दॉन्या रोस्मिरा कचेरीत आल्या, कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि नुबियाला म्हणाल्या, “अगं, पस्तीस मुलं आहेत माझी. सगळी येतात आता. ह्याला सांगशील का? ऐकू येतं ना ह्याला?”

“येतं,” नुबिया म्हणाली. “दार लागत नाही त्याचं.”

मला त्या पस्तीस मुलांची नावे कोणी दिलेली नाहीत. कधी दिली तर मी ती जपून ठेवीन.

मित्रांनो, उपदेश करण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नाही. तरी जाता जाता एक विनंती करतो. तुमच्या वर्गातही सगळ्यांचे असे काही असेल. पुस्तकांचे कपाट, खेळाचे साहित्य, माहितीची वही. त्यात काही ठेवाल तेव्हा आत काय आहे ते खरे खरे लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणारा तेच पुन्हा घालणार नाही. आठवड्यातून एखादी दुपार त्याच्यासाठी राखा. आणि कोपऱ्यात गप्प बसलेले कोणी दिसले, तर त्याला काही विचारा. त्याच्यापाशी उत्तर असेलच असे नाही. पण असले, तर तो बिचारा ते केव्हापासून मांडून बसलेला असतो.